टिकल्यांचा किनारा

१२ मे. शाळेला सुट्टी लागून दहा दिवस झाले, तरी सकाळी आठ वाजता मी नकाशाखोलीत झाडू घेऊन उभी होते. मुख्याध्यापकांना ही खोली जूनच्या आत रिकामी हवी आहे, तिथे संगणक बसायचे आहेत. काम साधं होतं. प्रत्येक नकाशा उलगडायचा, फाटका असेल तर यादीत 'बाद' लिहायचं, धड असेल तर 'ठेवणे'. मी गणित शिकवते, भूगोलाशी माझा संबंध नाही, पण हे काम मी मागून घेतलं. का, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अक्का डोळे मिटून नकाशा ओळखायच्या, हे आज नव्याने आठवलं. अक्का म्हणजे फैजपूरच्या आमच्या शाळेतल्या शिपाई. मी इथे पाचवीत आले तेव्हा त्या होत्या, शिक्षिका होऊन परत आले तेव्हाही होत्या. नकाशाखोली त्यांच्या ताब्यात. मधल्या सुट्टीत आम्ही पोरी त्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधायचो आणि एकेक गुंडाळी हातात द्यायचो. त्या ती तोलायच्या, काठावरून अंगठा फिरवायच्या आणि सांगायच्या, "ही आफ्रिका. जड हाये बापा, उचलता उचलत नही." किंवा, "युरोप. याले नवं कापड लावेल हाये मागून." कधी चुकल्या नाहीत. गावात त्यांना सगळे नकाशाअक्काच म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच.

नकाशाची घडी घातलेली त्यांना चालायची नाही. एकदा आमच्या वर्गातल्या एकीने दक्षिण अमेरिका चौघडी करून आणून दिली. अक्कांनी तिला तिथेच थांबवलं. "पोरी, देश काय धोतर हाये घडी घालाले?" मग तिच्याकडून जमिनीवर नकाशा अंथरवून घेतला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळायला लावला, सैल पडला म्हणून पुन्हा उलगडायला लावला. गुंडाळीच्या आत कडुनिंबाचा वाळका पाला असायचा, कसर लागू नये म्हणून. आजही प्रत्येक नकाशातून त्या पाल्याचा चुरा पडत होता. अक्का गाव सोडून पाच वर्षं झाली. त्यानंतर कुणी पाला बदललेला नाही.

भारताचा मोठा नकाशा दाराच्या मागे लावलेला असायचा. तो गुंडाळीत कधी जायचा नाही, कारण त्यावर अक्कांचं काम चालू असायचं. समुद्रातून उठलेलं चक्रीवादळ ज्या ठिकाणी किनाऱ्याला धडकलं, त्या ठिकाणी अक्का एक टिकली लावायच्या. कपाळाला लावायची तीच, बाजारात पाकिटात मिळणारी. मोठं वादळ असेल तर मोठी, बारकं असेल तर बारकी. टिकलीच्या बाजूला समुद्राच्या निळ्यात शिसपेन्सिलीने साल लिहायचं. बातमी आधी रेडिओवरून, मग शिक्षकखोलीतल्या पेपरातून यायची. पेपरात 'धडकले' हा शब्द आल्याशिवाय टिकली लागायची नाही.

"आणि समुद्रातच विरलं तर?" मी एकदा विचारलं होतं, सातवीत असेन.

"त्याले टिकली नही. उंबरठ्यावर आलं त्यालेच पाव्हना म्हनायचं."

हे सुरू कसं झालं, तेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या वाट्याला माहेरची एकरभर जमीन आली होती, त्यात केळी. एका मे महिन्यात घड भरत आलेले असताना दुपारून वावधन सुटलं, आमच्याकडे वादळवाऱ्याला वावधन म्हणतात, आणि तासाभरात निम्मी बाग आडवी झाली. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, गुजरातच्या किनाऱ्याला चक्रीवादळ धडकलं, त्याचा परिणाम आत दूरवर जाणवला. अक्कांनी समुद्र पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्यांनी नकाशावर गुजरात शोधला, तिथून फैजपूरपर्यंत वीत लावून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून येऊन मह्या केयी पाडल्या याने." पहिली टिकली त्या दिवशी लागली.

भूगोलाचे सर चेष्टा करायचे. "अक्का, भारताला गोवर आला वाटतं."

"गोवर आठ दिवसांत जातो सर. हे जात नही."

"मग परीक्षेत विचारू का, ओडिशाला किती टिकल्या?"

"इचारा. पोरायले येईन, तुमाले येनार नही."

आणि खरंच होतं ते. आम्हाला यायचं. पुस्तकात एक ओळ होती, की बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं जास्त होतात आणि अरबी समुद्रात कमी. ती ओळ पाठ करायची गरज पडली नाही, कारण दाराआड उजव्या हाताचा किनारा लालभडक आणि डाव्या हाताचा जवळपास कोरा दिसायचा. वादळं पावसाळ्याच्या आधी येतात आणि पावसाळा सरला की पुन्हा येतात, भर पावसाळ्यात सहसा नाहीत, हेही तसंच कळलं. अक्का मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमाराला टिकल्यांचं पाकीट पदराला बांधून ठेवायच्या.

मी शिक्षिका म्हणून आले तेव्हा नकाशा तोच होता आणि टिकल्या खूप वाढल्या होत्या. शाळेत चारचौघांत अक्का मला "म्याडम" म्हणायच्या, तेही असं की शेजारचा माणूस हसायचा. दार लोटलं की, "बस पोरी, डबा काढ." आमचा डबा नकाशाखोलीतच व्हायचा, वीस वर्षं. भरीत त्यांच्याकडचं, पोळ्या माझ्या. त्यांचं जेवण नेहमी माझ्याआधी उरकायचं. मग भिंतीला टेकून त्या किनाऱ्याकडे बघत बसायच्या आणि मी वह्या तपासत बसायची. फार बोलणं असायचं असं नाही. पण आता शिक्षकखोलीत जेवते तेव्हा सगळे बोलत असतात आणि माझा डबा पाच मिनिटांत संपतो.

इतकी वर्षं मोजत बसल्यावर अक्कांनी त्यातून स्वतःचा एक नियम काढला होता. तो सगळा केळीच्या शेतातून आलेला. आमच्या पट्ट्यात केळी आणि तिचा खोडवा, म्हणजे त्याच बुंध्यातून येणारं दुसरं पीक, निघाला की तेच शेत लगेच पुन्हा केळीला देत नाहीत. हरभरा घेतात, गहू घेतात, जमिनीला उसंत देतात. याला बेवड पालटणं म्हणतात आणि ते इथल्या लेकरांना पाढ्यांच्या आधी कळतं. अक्कांचं म्हणणं, किनाऱ्याचंही तसंच. "एकदा वादय येऊन गेलं ना, का तठी काही वर्सं नही येत. दुसरीकडे जातं. बेवड पालटतं ते." टिकल्यांकडे बोट दाखवून त्या हे इतक्या खात्रीने सांगायच्या की नवीन शिक्षक माना डोलवायचे. मी हसून सोडून द्यायची. दहावीला मी दरवर्षी संभाव्यता शिकवते. नाणं उडवून दाखवते आणि सांगते की आधीच्या वेळी छापा पडला हे नाण्याच्या लक्षात राहत नाही. वाऱ्याच्याही राहत नाही, हे अक्कांना सांगावं असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्या नियमाने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पुढे त्यांच्या सुनीलचा प्रश्न आला. सुनील त्यांचा एकुलता मुलगा. वडील त्याच्या लहानपणीच गेले. आयटीआय करून तो गुजरातेत एका बंदरावर क्रेन चालवायला लागला, कंत्राटावर. तेव्हापासून डाव्या हाताचा तो जवळपास कोरा किनारा अक्कांना सहन होईना. त्यांच्या नियमाप्रमाणे जिथे बऱ्याच वर्षांत आलं नाही, तिथे आता यायचं. मे उजाडला की त्या दिवसातून दोनदा पेपर बघायच्या.

एका जानेवारीत सुनीलला ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात कायमची जागा मिळत होती. क्वार्टर मिळणार होतं. त्या किनाऱ्यावर आदल्याच हंगामात मोठं वादळ येऊन गेलं होतं, मोठी टिकली लागलेली होती. सुनीलने विचारलं, जाऊ का?

अक्का जेवण झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्यापुढे दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर होते, संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.

"पोरी, तू गनिताची हाये म्हनून इचारते. आत्ता तठी येऊन गेलं. म्हनजे आता काही वर्सं बिनघोर ना?"

"हो अक्का," मी म्हणाले.

"जाऊ दिऊ मंग त्याले?"

"जाऊ द्या."

मी पुढचा पेपर घेतला. माझ्या हातात लाल पेन होतं आणि मी एका मुलीचे दोन गुण कापत होते. एवढंच मला आठवतं. अक्कांचा चेहरा कसा होता ते आठवत नाही, कारण मी पाहिला नाही.

सुनील गेला. पावसाळा निघाला, दिवाळी झाली आणि त्याच किनाऱ्याकडे पुन्हा वादळ निघालं. पेपरात नकाशा आला, बाण थेट त्याच्या बंदरावर. आदल्या संध्याकाळी सुनीलचा फोन आला, की क्रेन बांधून ठेवल्यात, आम्ही पक्क्या इमारतीत जातोय, काळजी करू नको. त्यानंतर चार दिवस फोन लागला नाही. मी शाळा सुटली की त्यांच्याकडे जायची, चहा करायची, सुनीलचा नंबर लावायची आणि फोन त्यांच्या कानाशी धरायची. त्या नुसती रेकॉर्ड केलेली बाई ऐकायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उडिया बोलते वाटतं ही. मले समजत नही, पन आवाजावरून चांगली हाये." मी हसले. मग त्याही हसल्या. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून सुनील बोलला. जिवंत होता. इमारतीत जाण्याआधी कुणाला तरी आणायला मागे फिरला होता, तेव्हा छपराचा पत्रा येऊन त्याच्या गुडघ्यावर बसला. ऑपरेशन झालं. पाय राहिला, पण क्रेनची शिडी चढणं संपलं. कंपनीने त्याला भांडारात टेबलावर बसवलं. घरी परत ये म्हटलं तर तो येईना, इथे काय करू म्हणाला.

म्हणून अक्का गेल्या. नोकरीची दोन वर्षं उरली होती, महिन्याभराची रजा टाकून गेल्या आणि पुढे त्या दोन वर्षांवर पाणी सोडलं. केळीची जमीन तेवढ्यापुरती भावाकडे दिली. भुसावळ स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि कडुनिंबाच्या पाल्याची पिशवी होती.

"तिकडे निंब नसतो का अक्का?"

"असंन. पन आपला कसा असंन?"

गाडी सुटायच्या आधी त्यांनी माझ्या हातात नकाशाखोलीची किल्ली दिली. खरं तर ती मुख्याध्यापकांकडे द्यायची होती. मी अक्कांना तिथेच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, की मी तेव्हा विचार न करता हो म्हणाले, मला ठाऊक होतं ते खरं नाही. पण डब्यात लोक चढत होते, पेटी वर ठेवायची होती आणि मी पेटीच्या मागे लागले. कामाच्या मागे लागलं की बोलावं लागत नाही, हे मला लहानपणापासून जमतं.

महिन्याची पाच वर्षं झाली. सुनीलचं तिकडेच लग्न झालं. सून उडिया. अक्का तिच्याशी खानदेशीत बोलतात आणि ती यांच्याशी उडियात, आणि दोघींचं चांगलं चालतं म्हणतात. आधी आठवड्याला फोन व्हायचा, मग महिन्याला, आता सणाला. फोनवर आम्ही पिकांचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो, ठेवून देतो. अक्का आता समुद्रापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर राहतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं विचारलं, तर म्हणाल्या, "नकाशात निया असतो. खरा मातकट हाये."

तर आज तो भारत मी भिंतीला लावला. एक कोपरा उसवलेला, पण धड होता. मी 'ठेवणे' लिहिलं आणि गुंडाळायला घेतला, तेवढ्यात ओडिशापाशी नजर थांबली. तिथे टिकल्या एकीवर एक चढलेल्या आहेत. मी चष्मा लावून पेन्सिलीने लिहिलेली सालं वाचली. वीस वर्षं या नकाशासमोर डबा खाल्ला, पण सालं एकदाही वाचली नव्हती. एका जागी दोन टिकल्या शेजारी होत्या आणि त्यांच्या सालांत एका वर्षाचं अंतर. थोडं खाली तशाच आणखी दोन. सुनील तिकडे जायच्या कितीतरी आधीच्या. आणि आंध्राच्या किनाऱ्यावर एका ठिकाणी तर एकाच सालाच्या दोन. मग मोठमोठी अंतरं, मग पुन्हा दाटी. बेवड कुठेही पालटलेली नव्हती. अक्कांच्या नियमाला खोटं पाडणारं सगळं अक्कांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, मी बसायची तिथून सहा फुटांवर. त्या दुपारी मान वर केली असती तर मला दिसलं असतं.

उरलेले नकाशे मी दुपारपर्यंत उरकले. यादी पूर्ण करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. घरी येऊन भांडी घासली, गहू निवडायला घेतले. निवडून झालेले गहू मी पुन्हा एकदा निवडले. मग लक्षात आलं की असं चालणार नाही.

१३ मे. सकाळी सात वाजता मी फोन लावला. आधी सुनेने घेतला, मग अक्का आल्या.

"काहून व, सकायी सकायी? बरं हाये ना घरी?"

मी सांगून टाकलं. प्रस्तावना केली नाही. सुनीलला जाऊ द्या म्हणाले तेव्हा मी पेपर तपासत होते, मी विचार केला नव्हता, वादळाची पाळी ठरलेली नसते हे मी दरवर्षी मुलांना शिकवते, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मात्र हो म्हणून मोकळी झाले. हे मला पाच वर्षं सांगायचं होतं.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"मले माहीत होतं," अक्का म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"तू मान वर नही केली. मी पाह्यलं ना. आन् सालं मीच लिहेल होती पोरी, मले दिसत नव्हती का?"

"मग तुम्ही ऐकलंत कशाला माझं?"

"त्याले जायचं होतं. मह्या मनातबी होतं, पोराले कायमची जागा मियू दे. मले कोनाच्या तरी तोंडून हो पाहिजे होतं. तू नही म्हनली असती तं मी भूगोलाच्या सरले इचारलं असतं. ते नही म्हनले असते तं गावात आनखी कोनाले." मग त्यांनीच विचारलं, "तू एवढे दिवस हे धरून बसली होती काय? म्हनून फोन कमी केला?"

मला वाटत होतं फोन त्यांनी कमी केला.

"सुट्टी हाये ना तुले आता?" अक्का म्हणाल्या. "मंग तठी काय करू राह्यली? ये इकडे."

मी भुसावळची एसटी धरली. आरक्षणाच्या खिडकीवर रांग होती, दीड तास गेला. पुढच्या आठवड्याचं एक तिकीट मिळालं, वरचा बर्थ. खिडकीतल्या माणसाने परतीची तारीख विचारली. शाळा उघडते त्याच्या आदल्या दिवशी पोचेल अशी द्या म्हटलं.